रेघ अक्षरांच्या डोक्यावर: घरच्या मोडी कागदांवर ऑनलाइन रेघा आखण्याचा अनुभव

२०२३ च्या दिवाळीत वाईजवळच्या आमच्या मूळ घरी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली उतरवली आणि तिच्यातून खारव्याच्या रुमालात बांधलेला कागदांचा गठ्ठा निघाला. मोजून पाहिले तेव्हा ११८ कागद भरले. त्यांतले बरेच पाठपोट लिहिलेले होते, आणि एक फाटकी लग्नखर्चाची यादी सोडली तर बहुतेक सगळी गहाणखते, खरेदीखते आणि कर्जरोखे होते. सर्वांत जुन्या कागदावर शके १७७१, म्हणजे इसवी सन १८४९ ची मिती होती. सगळे लेखन मोडीत. काकांनी एक कागद उन्हात धरला, पुन्हा घडी घातली आणि म्हणाले, "वाचणारं कोण राहिलंय आता? पण तुला न्यायचे तर ने, फक्त एकही हरवू नकोस."

मी काही वर्षांपूर्वी मोडीचा दहा दिवसांचा प्रशिक्षण वर्ग केला होता. त्यामुळे बाराखडी ओळखता येत होती, मात्र धावत्या हाताचे लेखन सलग वाचता येत नव्हते. पुण्यातील एका जाणकार मोडी वाचकांना विचारले, तर त्यांनी पानामागे २५० रुपये सांगितले आणि पुढचे काही महिने वेळ नसल्याचेही सांगितले. कुणबी नोंदींच्या शोधामुळे त्या हिवाळ्यात मोडी वाचणाऱ्यांना उसंत नव्हती. तेव्हा काही पाने त्यांच्याकडून वाचून घ्यावीत, त्यांवर संगणकाला शिकवावे आणि उरलेली पाने संगणकाकडून निदान कच्ची वाचून घ्यावीत, असा बेत मी केला. या बेतात वाचनापेक्षा रेघा आखण्यालाच अधिक वेळ लागेल याची तेव्हा कल्पना नव्हती.

डिसेंबरमधले चार रविवार छायाचित्रे काढण्यात गेले. झेरॉक्सच्या दुकानात स्कॅनिंगचे दर पानाला १० रुपये सांगितले होते, पण यंत्राच्या झाकणाखाली घड्यांवर तुटत आलेले कागद दाबण्याचे धाडस झाले नाही. ७५० रुपयांचा मोबाइलचा स्टँड आणला आणि उत्तरेकडच्या खिडकीजवळ, दिवा न लावता, कागदाखाली काळे कापड घालून फोटो घेतले. पहिल्या दिवशी कागद सपाट राहावा म्हणून वर काच ठेवली होती. तिच्यात खिडकीचे प्रतिबिंब आले आणि ते सगळे फोटो फुकट गेले. एका कर्जरोख्याची घडी उलगडताना टेबलावर बारीक वाळू सांडली. ओली शाई टिपण्यासाठी लिहिणाऱ्याने भुरभुरलेली ती वाळू इतकी वर्षे घडीतच राहिली होती. मी ती झटकली नाही, कागदाबरोबर एका पाकिटात ठेवली. एकूण १६३ प्रतिमा झाल्या. प्रत्येकीच्या नावात कागदाचा क्रमांक आणि पुढची की मागची बाजू हे तेव्हाच लिहून टाकावे. मी ते नंतरवर ढकलले आणि जुळवाजुळवीत दोन संध्याकाळी घालवल्या.

साधन म्हणून ई-स्क्रिप्टोरियम निवडले. पॅरिसच्या पीएसएल विद्यापीठात हस्तलिखितांच्या अभ्यासासाठी तयार झालेली ही मुक्त प्रणाली असून तिच्या पोटात क्राकेन नावाचे अक्षरओळखीचे इंजिन काम करते. ती ब्राउझरमध्ये चालते, पण कोणत्या ना कोणत्या सर्व्हरवर ती बसवलेली असावी लागते. माझ्या ८ जीबी मेमरीच्या जुन्या लॅपटॉपवर ती बसवण्याचा प्रयत्न दोन दिवसांत सोडून दिला आणि ९ जानेवारी २०२४ रोजी परदेशातील एका विद्यापीठाच्या सर्व्हरवर खाते मिळावे म्हणून ईमेल केला. नऊ दिवस उत्तर नव्हते. नंतर चार प्रश्न आले: प्रतिमा किती, कागदांची मालकी कोणाची, त्यांत हयात व्यक्तींची माहिती आहे का, आणि काम किती महिने चालेल. काकांकडून संमतीचे दोन ओळींचे पत्र लिहून घेऊन त्याचा फोटो आणि इंग्रजी अनुवाद त्याच रात्री पाठवला. २५ जानेवारीला खाते मिळाले. हे पत्र पहिल्याच ईमेलसोबत जोडले असते, तर आठवडा तरी वाचला असता.

ज्यांनी हे कधी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. संगणक पान एकदम वाचत नाही. त्याला आधी पानावरची प्रत्येक ओळ कुठून कुठवर जाते हे एका रेघेने दाखवावे लागते. त्या रेघेच्या आधाराने तो ओळीभोवती एक कुंपण आखतो, ज्याला तेथे मास्क म्हणतात, आणि त्या कुंपणातली पट्टी कापून घेऊन तिच्यातलीच अक्षरे ओळखतो. म्हणजे रेघ चुकली तर कुंपण चुकते, आणि कुंपण चुकले तर पुढचे सगळेच चुकते. रेघा आपोआप आखून देण्याची सोय आहे. आपले काम त्या तपासून दुरुस्त करण्याचे.

पहिल्या वीस प्रतिमा चढवून मी आपोआप आखणीचे बटण दाबले. रेघा आखायला आधीच शिकवून ठेवलेल्या, पण मोडीचे कागद कधी न पाहिलेल्या त्या सर्वसाधारण मॉडेलने (शिकवलेल्या संगणकी प्रणालीने) पानाचा जो अर्थ लावला, तो पाहून हसू आले आणि धास्तीही वाटली. कागदाच्या आडव्या घडीची सावली त्याला ओळ वाटली होती. स्टॅम्पवरच्या नक्षीत त्याला तीन ओळी सापडल्या होत्या. एका खताच्या शेवटी, सही न येणाऱ्या ऋणकोने काढलेल्या नांगराच्या निशाणीवरही त्याने एक सुबक रेघ ओढली होती. उलट, खऱ्या ओळी मात्र मध्येच तुटून दोन-दोन, तीन-तीन तुकड्यांत विखुरल्या होत्या.

मी तुकडे जोडत गेले. जोडायचे तुकडे निवडून एक कळ दाबली की ते एक होतात. दोन ओळी चुकून एकत्र आल्या असतील, तर कात्रीचे साधन घेऊन मधून छेद द्यायचा. घडीवरच्या खोट्या रेघा सरळ पुसून टाकायच्या. पहिल्या पानाला ४० मिनिटे लागली. आठवडाभरात नऊ पाने झाली, आणि मग सहज म्हणून बाजूच्या चौकटीत कापलेल्या ओळींच्या पट्ट्या पाहिल्या. एकाही पट्टीत पुरती ओळ नव्हती. अक्षरांचा वरचा थोडा भाग होता, त्याखालचा कापला गेला होता, आणि पट्टीच्या वरच्या अर्ध्या भागात आधीच्या ओळीचे उकार लोंबत होते.

कारण समजायला आणखी दोन दिवस गेले, आणि समजल्यावर स्वतःचाच राग आला. रोमन लिपीची अक्षरे एका अदृश्य रेघेवर उभी असतात. म्हणून अशा साधनांमध्ये ओळीची रेघ ही मुळात अक्षरांच्या पायाशी, म्हणजे बेसलाइन म्हणून, गृहीत धरलेली असते आणि कुंपण मुख्यतः तिच्या वर पसरते. मोडीत सगळेच उलटे. मोडी लिहिणारा कारकून आधी पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढतो आणि मग लेखणी शक्यतो न उचलता त्या रेघेला अक्षरे टांगत जातो. मी ज्या रेघा इतक्या काळजीने जुळवत होते, त्या त्याच्या शिरोरेघेवरच बसत होत्या, आणि बसायला हव्याही होत्या. फक्त दस्तऐवज तयार करताना ओळीचे स्थान विचारणारा जो रकाना असतो, त्यात टॉपलाइन, म्हणजे अक्षरांच्या डोक्यावरची रेघ, निवडायचे मी विसरले होते. देवनागरी किंवा मोडी कागदांवर काम करणाऱ्यांनी सर्वांत आधी हा रकाना पाहावा. तो बदलल्यावर रेघा पुन्हा आखाव्या लागत नाहीत. केवळ मास्क नव्याने काढण्याचा पर्याय तेथे आहे. तो वापरला आणि नऊ पानांच्या पट्ट्यांत अक्षरे सुखरूप दिसू लागली.

यानंतर जी चूक झाली ती अधिक महाग पडली. ३ मार्चच्या रविवारपर्यंत २८ पाने हाताने नीट झाली होती. त्या दुपारी नव्या पंधरा प्रतिमा चढवल्या, त्यांच्यावर आपोआप आखणी चालवायची म्हणून सगळ्या प्रतिमा निवडल्या आणि समोर आलेली चौकट न वाचता पुढे गेले. त्या चौकटीत आधीची आखणी पुसून नवी करायची का, असे विचारणारी खूण होती, आणि ती लावलेली होती. तेथे इशाराही स्पष्ट लिहिलेला होता. दहा मिनिटांनी पान उघडले तर नांगरावर पुन्हा रेघ होती. मधल्या काळात एकदाच, फेब्रुवारीच्या मध्यात, एक्सपोर्ट घेतले होते, म्हणजे कामाची प्रत माझ्याकडे उतरवून घेतली होती. त्यात नऊ पाने होती. बाकीची एकोणीस पाने गेली. त्या दिवशी लॅपटॉप मिटून ठेवला आणि चार दिवस उघडला नाही.

पुन्हा सुरुवात केली तेव्हा एक शिस्त लावून घेतली. रोज काम संपले की प्रतिमांसह पेज एक्सएमएल या, रेघा आणि मजकूर साठवणाऱ्या फाइलच्या स्वरूपात एक्सपोर्ट घ्यायचे, फोल्डरला तारीख द्यायची आणि महिन्यातून एकदा ते बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवायचे. हार्ड डिस्कला ४,२०० रुपये पडले. टचपॅडवर मनगट दुखू लागले होते, म्हणून ४५० रुपयांचा माऊसही घेतला. रेघेचे बिंदू सरकवण्यासाठी तो पहिल्या दिवसापासून हवा होता.

दुसऱ्या फेरीत हात बसला. कसा, ते एका पानावरून सांगते. सत्तेचाळीस क्रमांकाचा कागद १८८७ सालचे गहाणखत आहे. वरचा तिसरा हिस्सा स्टॅम्पचा, खाली २४ ओळी, उजव्या कडेला ओळी किंचित वर चढलेल्या, आणि जागा संपल्यामुळे डाव्या समासात उभे लिहिलेले दोन ओळींचे शेपूट. आधी पानाला पूर्ण रुंदीत मोठे करायचे, कारण लहान पानावर केलेली दुरुस्ती मोठे केल्यावर हमखास चुकलेली दिसते. मग वरून खाली एकेक ओळ. रेघ चढत असेल तर तिच्यावर चार ते सहा बिंदू पुरेत. सुरुवातीला मी प्रत्येक अक्षरामागे एक बिंदू देत असे, पण त्यामुळे रेघ दातेरी होते आणि तिच्याभोवतीचे कुंपण वेडेवाकडे पिळले जाते. कारकुनाने रेघ एका दमात ओढलेली असते. आपणही शक्यतो तशीच ओढावी, आणि शाई जिथे खरोखर वळते तिथेच बिंदू द्यावा. चौदाव्या ओळीत कारकुनाची रेघ घडीवर झिजून पुसली गेली आहे, तिथे दोन्ही बाजूंच्या अक्षरांची डोकी पाहून अंदाजाने जोडले. समासातल्या उभ्या ओळींची रेघ ज्या दिशेने लिहिले त्याच दिशेने आखावी लागते. मी ती पहिल्यांदा उलट ओढली आणि पट्टीत सगळी अक्षरे डोक्यावर उभी राहिली. दिशा उलटवण्याची कळ आहे, त्यामुळे पुसून पुन्हा आखण्याची गरज पडली नाही. आठव्या आणि नवव्या ओळींमध्ये वरच्या ओळीचा लांब उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत गुंतलेला होता. तेवढ्या ठिकाणी कुंपणाचे बिंदू हाताने सरकवून उकार वरच्या ओळीत आणि वेलांटी खालच्या ओळीत राखली. असे हाताने कुंपण दुरुस्त करणे सरासरी वीस ओळींमागे एकदाच लागले. प्रत्येक कुंपण सुबक करण्याच्या नादाला लागू नये, काम कधीच संपणार नाही.

रेघ कशी ओढायची यापेक्षा कशाला ओळ म्हणायचे, हा प्रश्न जास्त वेळ खातो. साक्षीदारांची नावे एकाखाली एक लिहिलेली असतात, त्यांच्या पुढे कधी 'दस्तुर खुद्द' म्हणजे स्वतःच्या हाताने असे असते, तर कधी दुसऱ्याच कोणी त्यांच्या वतीने लिहिलेले असते. मी साक्षींसाठी, समासासाठी आणि मुख्य मजकुरासाठी रेघांचे तीन वेगळे प्रकार तयार केले आणि प्रत्येक रेघेला तिचा प्रकार दिला. नांगराच्या निशाणीला रेघ द्यायची नाही, पण तिच्याभोवती चौकट आखून तिला 'निशाणी' असे नाव द्यायचे, असेही ठरवले. हे नियम एका वहीत लिहून ठेवले होते, कारण मार्चमध्ये काय ठरवले ते मे महिन्यात आठवत नाही. खाडाखोड करून दोन ओळींच्या मध्ये बारीक अक्षरात घातलेले शब्द मात्र मला शेवटपर्यंत त्रास देत राहिले. त्यांना स्वतंत्र रेघ दिली, तरी वाचनाच्या क्रमात ते कुठे बसवायचे हे प्रत्येक वेळी कागद पाहूनच ठरवावे लागले. संगणक ओळींना वरून खाली क्रमांक देतो, त्यामुळे समासातली उभी ओळ हमखास मजकुराच्या मध्ये घुसते. क्रम दुरुस्त करायचा तर मजकुराच्या चौकटीत ओळी ओढून जागेवर न्याव्या लागतात, आणि हे काम सगळ्या रेघा कायम झाल्यावरच करावे.

एप्रिलच्या मध्यापर्यंत ४० प्रतिमा दुरुस्त झाल्या होत्या. त्या ४० प्रतिमांवर रेघा आखण्याचे मॉडेल पुढे शिकवायला लावले. सर्व्हरवर इतरांचीही कामे रांगेत असल्यामुळे रात्री सोडलेले काम दुसऱ्या दिवशी दुपारी पूर्ण झाले. त्यानंतरच्या पहिल्या पानावर रेघा शिरोरेघेवर बसलेल्या, सलग, आणि घडीवर एकही नाही, असे पाहिले तेव्हा मी कितीतरी वेळ नुसतीच त्या पानाकडे पाहत राहिले. चुका संपल्या नव्हत्या. मागच्या बाजूची शाई पुढे उमटलेल्या पानांवर ते अजूनही दोन्ही बाजूंच्या ओळी धरत होते. पण पानाला ४० मिनिटांऐवजी ८ ते १० मिनिटे पुरू लागली. आधी सगळी पाने हाताने दुरुस्त करत बसण्याऐवजी तीस-चाळीस पाने अगदी नीट करावीत आणि त्यांवर शिकवून पुढे जावे, हे मला कोणी जानेवारीत सांगायला हवे होते.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रेघांचे काम संपले. १५२ प्रतिमांवर मिळून ३,४७१ रेघा झाल्या. त्यानंतरची हकिकत थोडक्यात सांगते. मोडी वाचक गुरुजींनी ६० पाने वाचून दिली, त्यांचे १५,००० रुपये झाले. युनिकोडमध्ये मोडीला २०१४ पासून स्वतंत्र स्थान आहे, पण घरातल्यांना वाचता यावे म्हणून लिप्यंतर देवनागरीत करायचे ठरवले. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इकाराचा भेद पाळलेला नसतो, म्हणून गुरुजींच्या सल्ल्याने कागदात दिसेल तसेच ठेवले, शुद्धलेखन केले नाही. शब्दांमध्ये मोकळी जागाही मोडीत नसते. ती आम्ही अर्थ पाहून सोडली, आणि संगणकाला ती शेवटपर्यंत नीट जमली नाही. सहा पाने परीक्षेसाठी बाजूला ठेवून बाकीच्या चौपन्न पानांवर ओळखीचे मॉडेल शिकवले आणि त्या सहा पानांवर ताडून पाहिले, तर शंभरातली सुमारे तीस अक्षरे चुकत होती. 'मौजे', 'सदरहू', 'रुपये', 'लिहून दिले' हे शब्द प्रत्येक खतात येत असल्यामुळे ते त्याने लवकर उचलले. माणसांची आणि शेतांची नावे, म्हणजे ज्यांच्यासाठी आम्ही हे सगळे मांडले होते तीच, तो सर्वांत जास्त चुकवतो. तरीही कच्चे वाचन हाताशी असले की मूळ कागदावर बोट ठेवून शब्द शोधता येतो, आणि माझ्यासारख्या अर्धवट शिकलेल्या माणसाला तेवढा आधार पुष्कळ आहे.

स्टँड, माऊस, हार्ड डिस्क आणि वाचनाचे मानधन मिळून २०,४०० रुपये खर्च झाला. साधनाला पैसे पडले नाहीत.

सप्टेंबरमध्ये गणपतीला गावी गेले तेव्हा लॅपटॉपवर सत्तेचाळीसावा कागद उघडून काकांना दाखवला. रेघांचे रंगीत जाळे पाहून त्यांनी आधी विचारले, "मूळ कागदावर तर काही मारलं नाहीस ना?" नाही म्हटल्यावर चष्मा पुसून ते जवळ सरकले. मी एकेक ओळ निवडत गेले आणि ते देवनागरी मोठ्याने वाचत गेले. ओढ्याकाठच्या शेताचे नाव संगणकाने चुकीचे वाचले होते, ते त्यांनी पट्टीतल्या अक्षरांकडे न पाहताच दुरुस्त केले, कारण ते शेत अजून त्याच नावाने ओळखले जाते. मी तिथल्या तिथे दुरुस्ती केली. त्या संध्याकाळी अशी चौदा नावे सुधारली.

कागद पुन्हा रुमालात बांधून ट्रंकेत गेले आहेत. वाळूचे पाकीटही त्यांच्याबरोबर आहे. ज्यांच्यावर शाई इतकी फुटली आहे की ओळ कुठे सुरू होते हेच ठरवता येत नाही, अशा ११ प्रतिमांवर अजून एकही रेघ नाही. लग्नखर्चाची यादी त्यांतच आहे.